बी.ए.च्या मुलांनी स्वतः भरवायची इंग्रजी साहित्याची कॉन्फरन्स: तारखेपासून हिशेबापर्यंत

आधी तारीख धरा, विषय नंतर ठरवा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी सीनिअर आणि ज्युनिअर कॉलेज एकाच इमारतीत भरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सेमिस्टरच्या परीक्षेत आणि दिवाळीत जातो, डिसेंबरात एन.एस.एस.चं शिबिर, त्याला लागून गॅदरिंग. फेब्रुवारी जवळ आला की बारावीच्या बोर्डासाठी बाकांवर नंबर पडतात आणि एकही वर्ग मागायची सोय राहत नाही. मोकळा सापडतो तो जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. त्यात संक्रांत सोडून एक शनिवार निवडा आणि ऑगस्ट संपायच्या आत हॉलच्या रजिस्टरमध्ये विभागाच्या नावानं नोंद करून ठेवा. तुमच्या कॉलेजचं वेळापत्रक वेगळं असेल, पण वर्षातला असा एखादाच रिकामा शनिवार शोधायचं काम तुम्हालाही करावं लागेल.

मी टी.वाय.ला असताना आमच्या विभागाची अशी कॉन्फरन्स भरवणाऱ्या गटात होते. आता एम.ए. करते आणि दर वर्षी नव्या बॅचबरोबर बसते. इंग्रजी स्पेशल घेतलेल्या पदवीच्या मुलांनीच पेपर मागवणारं निवेदन काढायचं, त्यांनीच ॲबस्ट्रॅक्ट (म्हणजे पेपरचे थोडक्यात सारांश) वाचून निवडायचे, अध्यक्ष म्हणून त्यांनीच बसायचं आणि पेपरही त्यांनीच वाचायचे, अशी ही एक दिवसाची कॉन्फरन्स असते. यातलं प्रत्येक काम ठरवताना मी एकच गोष्ट विचारते: एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं एखादी कविता वाचून जे म्हणायचं ठरवलंय, ते पंधरा मिनिटं कुणीतरी मन लावून ऐकेल का, आणि ऐकून झाल्यावर तिला खरा प्रश्न विचारेल का? वर्गात हे होत नाही. साठ मिनिटांच्या तासात सर बोलतात, आम्ही उतरवून घेतो, आणि परीक्षेत तेच परत देतो. 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत पदवीच्या मुलांना जागा आहे, ती फार चांगली गोष्ट आहे, पण तिथं परीक्षक असतात आणि नंबर असतात. आपल्या कॉन्फरन्समध्ये बक्षीस अजिबात ठेवू नका. बक्षीस ठेवलं की ऐकणारी मुलं तुलना करत ऐकतात.

परवानगी आणि सरांचा वाटा

प्राचार्यांना अर्ज विभागप्रमुखांमार्फत द्यायचा, एका पानाचा. तारीख, अंदाजे माणसं, लागणाऱ्या खोल्या, खर्च, आणि जबाबदार दोन विद्यार्थ्यांची नावं. 'बी.ए.ची मुलं कसली कॉन्फरन्स घेणार' असा सूर निघाला तर हातात उदाहरणं असू द्यात. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाची राष्ट्रीय परिषद १९८७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथं सुरू झाली, ब्रिटनमधली २०११ साली सुरू झाली. दोन्ही सर्व विषयांसाठी आहेत आणि दोन्हीकडे पदवीची मुलं स्वतःचं काम मांडतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स आहे. ज्या मुलांना तिथं जायचंय त्यांना त्याआधी एकदा तरी पेपर लिहिण्याचा सराव हवाच. हा मुद्दा प्राचार्यांना पटतो.

सरांशी आणि मॅडमशी सुरुवातीलाच मोकळेपणानं बोलून घ्या. त्यांच्याकडे तीन कामं मागा: अर्जावर सही, पाहुण्यांना फोन, आणि पेपरच्या दुसऱ्या खर्ड्यावर एक वाचन. निवड मात्र आमची, अध्यक्ष आमचे, हे पहिल्याच बैठकीत ठरू द्या. त्या बदल्यात त्यांचं एक ओझं तुम्ही उचला. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलसाठी त्यांना जिओटॅग (जागेची नोंद) असलेले फोटो, हजेरीच्या सह्या, फीडबॅक फॉर्म आणि दोन पानांचा अहवाल लागतो. एका मुलाला किंवा मुलीला तेवढंच काम द्या आणि अहवाल आठवड्याच्या आत टाइप करून मॅडमच्या हातात ठेवा. पुढच्या वर्षीची परवानगी बरीचशी त्यातून मिळते.

गट फार मोठा नको. आठ जण पुरतात. त्यात एस.वाय.चे तीन तरी हवेत, नाहीतर तुम्ही पास होऊन गेल्यावर सगळं तिथंच संपतं.

विषय ठरवताना

'इंग्रजी भाषा आणि साहित्यातील नवे प्रवाह' हा विषय घेऊ नका. अशा विषयावर काहीही लिहून चालतं, म्हणून कुणी काही लिहीत नाही. इंटरनेटवरचे परिच्छेद येतात. विषय प्रश्नाच्या रूपात ठेवा, आणि प्रश्न असा की उत्तर द्यायला पुस्तक उघडावंच लागेल. मला आवडलेला एक विषय होता 'बघतंय कोण?'. कथेत, कवितेत, नाटकात कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय, आणि ज्याच्याकडे बघितलं जातंय त्याचं काय. एफ.वाय.च्या मुलालाही हा प्रश्न समजतो आणि एम.ए.च्या मुलीलाही पुरून उरतो.

आपल्या भागाचा धागा सापडला तर नक्की धरा. आमच्या जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर. त्यांनी 'हॅम्लेट'चं भाषांतर 'विकारविलसित' म्हणून १८८३ साली प्रसिद्ध केलं. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांचं मर्ढे गाव साताऱ्यापासून जवळ आहे. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मुलाला आपल्याच वाटेवरचा हा माणूस माहीत नसेल तर तो कॉन्फरन्समध्ये माहीत व्हावा. मराठी आणि इंग्रजी कृती शेजारी ठेवून लिहिलेला पेपर चालेल, हे निवेदनात स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर मुलांना वाटतं की मराठीचं नाव काढलं तर पेपर बाद होईल.

निवेदन ऑगस्टअखेर काढा: विषयाचा एक परिच्छेद, अडीचशे शब्दांच्या ॲबस्ट्रॅक्टची मागणी, शेवटची तारीख ३० सप्टेंबर, फी, आणि फोन उचलणाऱ्या दोघांची नावं. गूगल फॉर्म ठेवाच, पण नुसत्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका. आजूबाजूच्या पाच-सहा कॉलेजांत जाऊन इंग्रजीच्या वर्गात पाच मिनिटं बोला. प्रत्यक्ष येऊन विचारलं की मुलं लिहायला घेतात, आणि लिहिणाऱ्यांत अशाच वर्गांतली मुलं जास्त असतात.

ॲबस्ट्रॅक्ट

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. सुरुवातीला येणारे बहुतेक ॲबस्ट्रॅक्ट सारखेच असतात. पहिलं वाक्य 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे', मग लेखकाचा जन्म, मग 'प्रस्तुत निबंधात स्त्रीवादाचा अभ्यास केला आहे'. हल्ली त्यात भर पडली आहे ती चॅटजीपीटीनं लिहून दिलेल्या गुळगुळीत परिच्छेदांची. यावर आम्ही एक साधी अट घातली. ॲबस्ट्रॅक्टबरोबर तुम्ही ज्या पानाबद्दल लिहिताय त्या पानाचा फोटो पाठवायचा, पेन्सिलीच्या खुणांसकट. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर झेरॉक्सवर खुणा करायच्या. कुठल्या शब्दाखाली रेघ आहे, मार्जिनमध्ये काय प्रश्न लिहिलाय, हे बघितलं की या मुलानं वाचलंय की नाही ते कळतं. खूप वेळा ॲबस्ट्रॅक्टपेक्षा मार्जिनमधलं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी वाक्य जास्त जिवंत असतं, आणि पेपर तिथूनच निघतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एस.वाय.च्या एका मुलीनं निसीम इझिकेल यांच्या 'नाइट ऑफ द स्कॉर्पिअन' या इंग्रजी कवितेवर ॲबस्ट्रॅक्ट दिला होता. शीर्षक 'अंधश्रद्धा आणि विज्ञान यांचा संघर्ष'. गाईडमध्ये असतं तेच. आईला विंचू चावतो, शेजारी कंदील घेऊन येतात, वडील तर्कवादी, तेही शेवटी सगळे उपाय करून बघतात, वीस तासांनी वेदना थांबते. फोटोत मात्र शेतकरी माश्यांच्या थव्यांसारखे आले या उपमेखाली तिनं दोनदा रेघ मारली होती आणि शेजारी मराठीत लिहिलं होतं, 'माश्या का?' आम्ही तिला फोन केला आणि ॲबस्ट्रॅक्ट बाजूला ठेवून त्या रेघेबद्दलच विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं कुणाला विंचू चावला तर सगळी आळी अशीच येते. माझी आजीपण जाते. तिला माशी म्हणणारा कोण?"

मग तिला एकच काम सांगितलं. कवितेच्या ओळी मोज. शेजाऱ्यांना किती, वडिलांना किती, आईला किती. मोजल्यावर तिच्या लक्षात आलं की ज्यांना माश्या म्हटलंय त्यांच्या प्रार्थना, त्यांचं बोलणं कवितेचा मोठा भाग व्यापतं. वडिलांचं विज्ञान थोडक्या ओळींत आटपतं. उपमा शेजाऱ्यांना लांब ढकलते, पण जागा त्यांनाच मिळते. तिचा नवा ॲबस्ट्रॅक्ट या दोन वाक्यांवर उभा राहिला आणि त्यात अंधश्रद्धा हा शब्द एकदाच आला.

निवड करताना नावं आणि कॉलेजं झाकून प्रत्येक ॲबस्ट्रॅक्टला नंबर द्या. दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचं आणि तीन गोष्टी बघायच्या: हातात नेमकी कृती आहे का, त्या कृतीबद्दल कुणी नाही म्हणू शकेल असं काही विधान आहे का, आणि ते पंधरा मिनिटांत मांडून होईल का. इंग्रजीच्या चुका या टप्प्यावर मोजू नका. चूक दुरुस्त करता येते, विधान नसेल तर दुरुस्त करायला काही उरत नाही. दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्यानं वाचायचं. आपल्या कॉलेजचे पेपर निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

नकार कळवताना 'आपला ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारता आला नाही, धन्यवाद' एवढ्यावर सोडू नका. दोन ओळी तरी त्या मुलाच्या लिखाणाबद्दल हव्यात. उदाहरणार्थ: 'नायिका पत्र जाळते त्या प्रसंगाबद्दलचं तुमचं वाक्य आम्हाला आवडलं. पुढच्या वर्षी फक्त त्या प्रसंगावर लिहाल का? ऐकायला या, फी निम्मी.' असं पत्र मिळालेली मुलं येतात.

ॲबस्ट्रॅक्टपासून पेपरपर्यंत

निवड झाली की बहुतेक कॉन्फरन्सेस थेट त्या दिवसाचीच वाट बघतात. पदवीच्या मुलांना मधल्या काळात सोबत लागते. प्रत्येक निवडलेल्या पेपरला गटातला एक जण जोडून द्या. दिवाळीच्या सुट्टीत पहिला खर्डा, नोव्हेंबरअखेर दुसरा, डिसेंबरात मोठ्यानं वाचन.

लांबीचा हिशेब पक्का असू द्या. आपली मुलं इंग्रजी मोठ्यानं वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द वाचतात. म्हणजे पंधरा मिनिटांना पंधराशे-सोळाशे शब्द, त्यावर एकही नको. अडीच हजार शब्दांचा पेपर घेऊन आलेला मुलगा निम्म्यात अडकतो आणि शेवटची तीन पानं धावत वाचतो, म्हणजे त्याचं मुख्य म्हणणंच कुणाला ऐकू येत नाही. संदर्भ देण्याची पद्धत एकच सांगा. इंग्रजी विभागात एम.एल.ए. (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) पद्धत चालते, तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. पण मुलांना सगळे नियम पाठ करायला लावू नका. कुठली आवृत्ती वाचली, कुठल्या पानावरून उतारा घेतला, आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव, एवढं चोख हवं.

मोठ्यानं वाचायची तालीम फोनवरही होते. घड्याळ लावायचं आणि मधे बोलायचं नाही. ऐकणाऱ्यानं पेपर समोर ठेवायचा नाही, कारण त्या दिवशी हॉलमध्ये कुणाच्या समोर पेपर नसणार. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचं, 'मला कळलं ते असं'. त्यात मुख्य विधान आलं नाही तर पेपरमध्ये ते दोनदा लिहा, सुरुवातीला आणि उताऱ्यानंतर. लांब वाक्यं तोडा. कवितेच्या ओळी वाचायच्या आधी एक श्वास थांबायचं आणि ओळी ओळींसारख्याच वाचायच्या, गद्यासारख्या ढकलायच्या नाहीत. आमच्याकडची मुलं उच्चारांना फार घाबरतात. त्यांना सांगा की हळू वाच, बाकी काही बदलू नकोस. साताऱ्याच्या वळणाचं इंग्रजी हॉलमध्ये सगळ्यांना कळतं.

पीपीटीऐवजी अर्ध्या पानाचा हँडआउट करा: वर शीर्षक, खाली उतारा, बाकी कोरं. कविता समोर असेल तर ऐकणारा कवितेत डोकावत ऐकतो आणि प्रश्न कवितेबद्दल विचारतो. पडद्यावर मुद्दे असले की तो मुद्दे वाचत बसतो. झेरॉक्सला पैसे लागतात, तरी हा खर्च कापू नका.

पैसे

सत्तर माणसं धरून साधारण हिशेब असा होतो. सकाळचे पोहे-चहा तीस, जेवण शंभर, दुपारचा चहा दहा, म्हणजे माणशी १४० रुपये, एकूण ९,८००. झेरॉक्स आणि छपाई १,५००, पाहुण्यांचा प्रवास १,५००, एक फ्लेक्स ६००. सगळं मिळून १३,४००. माणशी शंभर रुपये फी घेतली तर ७,००० जमतात, उरलेले ६,४०० वाङ्मय मंडळाच्या तरतुदीतून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून. तुमच्या गावचे दर टाकून हे परत मांडा. फी कुणाच्याही स्वतःच्या फोनवर घेऊ नका. कॉलेजच्या खात्यावर किंवा ऑफिसच्या पावतीपुस्तकावर घ्या, आणि खर्चाची प्रत्येक पावती त्याच दिवशी पाकिटात टाका. फाइल, पेन, बॅग, बॅज, मोमेंटो यांवर एक रुपयाही घालू नका.

आयएसबीएन असलेलं पुस्तक काढायचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो, आणि त्यासाठी मुलांकडून वेगळे हजार-दीड हजार घेतले जातात. आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा नंबर आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते आणि त्याला पैसे पडत नाहीत. आतला मजकूर कुणी तपासला याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. पदवीच्या मुलाला त्याच्या नावावर पैसे भरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. पेपर जपायचे असतील तर लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन विभागाच्या नावानं साधी पीडीएफ करा.

दिवस कसा आखायचा

वेळापत्रक एस.टी. बघून करा. आमच्याकडे आसपासच्या गावांतल्या मुली असतात. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यानं लांबून यायला आता घरून होकार मिळतो, पण अंधार पडायच्या आत घरी पोचणार का, हे घरी विचारलं जातंच. म्हणून पावणेपाचला शेवटचा शब्द संपला पाहिजे. साडेनऊला नोंदणी आणि पोहे, दहाला उद्घाटन, सव्वादहाला पहिलं सत्र. तीन पेपर, पंधरा-पंधरा मिनिटं, मग वीस-पंचवीस मिनिटं प्रश्न. चहा घेऊन दुसरं सत्र, पाऊण तास जेवण, अर्धा तास पाहुण्यांचं भाषण, मग तिसरं आणि चौथं सत्र. एकूण बारा पेपर. याहून जास्त पेपर घ्यायचे म्हटलं की दोन खोल्यांत एकाच वेळी सत्रं चालवावी लागतात, आणि मग प्रत्येक खोलीत पेपर वाचणारे तिघं आणि त्यांचे मित्र एवढेच उरतात. बारा पेपर, एकच हॉल, सगळ्यांनी सगळं ऐकायचं.

उद्घाटन पंधरा मिनिटांत बसवायचं तर आधीच सगळ्यांना भेटून सांगावं लागतं. दीपप्रज्वलन, प्राचार्यांचे पाच मिनिटं दोन शब्द, विषयाची ओळख. शाल-श्रीफळ सगळ्यांना एकदाच, जेवणाआधी. प्रत्येक सत्रात सत्कार आणि आभार ठेवले तर दिवसातला पाऊण तास टाळ्यांत जातो.

पाहुणे म्हणून मोठं नाव शोधत बसू नका. पीएच.डी. करणारे किंवा नुकतेच शिकवायला लागलेले कुणी बोलवा, आणि एक अट घाला: सकाळी यायचं, पहिली दोन सत्रं ऐकायची आणि भाषणात त्यातल्या निदान दोन पेपरांचा उल्लेख करायचा. मघाशी आपण वाचलेल्या पेपरचा धागा पाहुण्यांनी धरला की त्या मुलीच्या लक्षात येतं की आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

सत्रं जुळवायला शीर्षकं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून जमिनीवर पसरा. शतकं किंवा देश धरून गट पाडू नका. कोणते तीन पेपर एकमेकांशी बोलतील ते बघा. 'बघतंय कोण?'साठी विंचवाच्या कवितेशेजारी अरुण कोलटकरांच्या १९७६ च्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहावरचा पेपर छान बसतो. तिथला बघणारा एस.टी.तून देवळाकडे येतो आणि पन्नास पैसे मागणारी म्हातारी त्याला चिकटते. तिसरा पेपर नायजेरियन लेखक अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीच्या शेवटावर असू शकतो, जिथं एका माणसाचं सगळं आयुष्य आपल्या पुस्तकात एका परिच्छेदात बसवायचं इंग्रज जिल्हाधिकारी मनात योजतो. तीन गावांतले तीन परके. असं सत्र जमलं की प्रश्नांचा ओघ आपोआप येतो.

वेळ पाळणाऱ्या मुलीला पहिल्या रांगेत बसवा, हातात तीन कार्डं: पाच मिनिटं, दोन मिनिटं, थांबा. अध्यक्षांनी सकाळीच वाचणाऱ्यांना भेटून नावांचे उच्चार विचारून घ्यायचे. परिचय दोन वाक्यांचा, त्यात दहावी-बारावीचे टक्के नकोत.

प्रश्न

माझ्या मते कॉन्फरन्सचा जीव प्रश्नांच्या वीस मिनिटांत असतो, आणि नेमकी तीच वेळ उशीर झाला की पहिल्यांदा कापली जाते. ती कापू नका. उशीर झालाच तर चहा आटपता घ्या.

प्रश्न मराठीत विचारलेले चालतील, उत्तरही मराठीत दिलेलं चालेल, हे अध्यक्षांनी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मोठ्यानं सांगायचं. पेपर इंग्रजीत लिहून, तालीम करून वाचता येतो. पण अचानक आलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देताना चांगलं वाचलेली मुलगीही 'येस सर, थँक यू' म्हणून बसून टाकते, आणि तिच्या डोक्यात जे होतं ते कुणालाच कळत नाही. इंग्रजी विभागातल्या काही शिक्षकांना हे रुचत नाही. त्यांना सांगा, आपण साहित्य समजून घ्यायला जमलोय.

पहिला प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून अध्यक्षांनी प्रत्येक पेपर आधी वाचून एकेक प्रश्न लिहून आणायचा. 'आजच्या काळात याचं महत्त्व काय?' असा प्रश्न कुठल्याही पेपरला विचारता येतो, म्हणून तो बाद. विंचवाच्या पेपरला आमच्या अध्यक्षांनी विचारलं, "तू ओळी मोजल्यास. आईला बोलायला फक्त शेवटच्या ओळी मिळतात, पण कविता तिच्यावरच संपते. मग कमी ओळी म्हणजे कमी महत्त्व, असं म्हणता येईल का?" ती थोडा वेळ हँडआउटकडे बघत राहिली आणि मग मराठीत म्हणाली, "बाकी सगळे तिच्याबद्दल बोलतायत. ती एकटीच पोरांबद्दल बोलते. म्हणजे मोजायला ओळी पुरत नाहीत, कोण कुणाबद्दल बोलतंय तेही बघायला पाहिजे." हे तिच्या पेपरमध्ये नव्हतं. हॉलमध्ये उभं राहून तिनं ते शोधलं, आणि पीडीएफसाठी पेपर परत लिहिताना एक नवा परिच्छेद म्हणून घातलं.

शिक्षकांना मागच्या रांगेत बसायची विनंती करा, आणि दोन विद्यार्थ्यांचे प्रश्न होईपर्यंत त्यांनी हात वर करायचा नाही असं आधीच ठरवून घ्या. पहिल्या रांगेतून सर बोलले की मागची मुलं वही बंद करतात. कुणी प्रश्नाच्या नावाखाली भाषण सुरू केलं तर अध्यक्षांनी नम्रपणे म्हणायचं, "सर, प्रश्न एका वाक्यात घेऊ या का?" हे वाक्य म्हणायची तालीमसुद्धा आदल्या दिवशी करून घ्या. वीस वर्षांच्या मुलीला सरांना थांबवणं सोपं नसतं. एकदा तोंडातून काढून बघितलं की त्या वेळी जमतं.

एखाद्याला उत्तर येत नसेल तर 'मी यावर विचार केला नव्हता, लिहून घेते' हे पूर्ण उत्तर आहे, हे सगळ्या वाचणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

नंतरची कामं

प्रमाणपत्रं पीडीएफ करून तीन दिवसांत मेलवर पाठवा, त्यावर पेपरचं पूर्ण शीर्षक असू द्या. आठवड्यात ऑफिसला हिशेब द्या. पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक पेपर वाचणाऱ्याला त्याला आलेले प्रश्न लिहून पाठवा. त्यासाठी हॉलमध्ये एक जण प्रश्न उतरवायला बसवलेला असला पाहिजे, कारण उत्तर देताना त्या मुलाला प्रश्न ऐकून लक्षात राहत नाही.

मग एक फोल्डर करा: अर्जाचा नमुना, निवेदन, नकाराची पत्रं, वेळापत्रक, हिशेब, आचाऱ्याचा नंबर, पाहुण्यांना लिहिलेले मेल, आणि कुठल्या कॉलेजातून किती मुलं आली त्याची यादी. ऑनलाइन ठेवा आणि एक छापील प्रत विभागाच्या कपाटात. सेमिस्टरची परीक्षा सुरू व्हायच्या आधी ते एस.वाय.च्या तिघांच्या स्वाधीन करा. देताना त्यांना घेऊन ऑफिसात जा आणि हिशेब बघणाऱ्या भाऊसाहेबांशी ओळख करून द्या, कारण ऑगस्टमध्ये त्यांचं पहिलं काम त्याच टेबलावर असतं.